रिकामी मुंबई नावाची भानगड

परवा एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझाच जुना फोटो फिरत फिरत माझ्याकडे आला. सीएसएमटी, रात्रीचे पावणेदोन, समोरचा रस्ता मोकळा, त्यातून एक लाल रेघ गेलीय एक पांढरी रेघ गेलीय, खाली कुणीतरी लिहिलंय "मुंबई झोपते तेव्हा" आणि अर्थातच कोपऱ्यातलं माझं नाव कापलेलं. नावाचं जाऊ दे, सवय झालीय आता. पण कमेंट्स वाचून मला हसूच यायला लागलं. किती शांत, किती सुकून, असं शहर कायम असतं तर काय मजा आली असती वगैरे. अहो, तो फोटो काढताना माझ्या आजूबाजूला कमीत कमी पन्नास माणसं होती!

माझ्या पाठीमागे शेवटची गाडी चुकलेले सात-आठजण पेपर अंथरून बसलेले आणि टॅक्सीवाले गप्पा छाटत होते, पलीकडे रस्ता खोदायचं काम चाललेलं त्यांचे कामगार घमेली घेऊन ये-जा करत होते, झाडूवाल्या दोन बायका, एक भांडणारं जोडपं (ती बरोबर होती असं माझं मत, पण असो), आणि सायकलच्या कॅरिअरला चहाची टाकी बांधलेला चाचा. आणि फोटोत बघाल तर कुणी नाही. एक माणूस नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, यात फोटोशॉप वगैरे काही नाहीये. कॅमेरा ट्रायपॉडवर, एफ अकरा (म्हणजे भिंगाचं छिद्र बारीक), आयएसओ शंभर (म्हणजे उजेड टिपायची क्षमता कमी ठेवलेली) आणि शटर तीस सेकंद उघडं. आता चालणारा माणूस एका जागी अर्धा सेकंद असतो, म्हणजे तीस सेकंदातला साठावा हिस्सा, तेवढ्यात त्याचा जो काही उजेड सेन्सरवर पडतो तो मागच्या रस्त्याच्या उजेडात विरघळून जातो. गाडीचे दिवे प्रखर म्हणून त्यांची रेघ उरते, इमारत हलत नाही म्हणून ती कोरल्यासारखी येते, माणूस मात्र पुसला जातो.

ही भानगड फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. १८३८ मध्ये दागेर नावाच्या माणसाने पॅरिसमधल्या एका रस्त्याचा फोटो काढला, भरदिवसा, वाहता रस्ता, पण तेव्हा एक्सपोजरच, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, काही मिनिटांचं असायचं त्यामुळे घोडागाड्या, माणसं सगळं गायब. फक्त कोपऱ्यात एकजण दिसतो, बूट पॉलिश करून घ्यायला पाय पुढे करून स्थिर उभा राहिला म्हणून. फोटोत दिसणारा बहुतेक तो पहिला माणूस असं म्हणतात. आणि पॉलिशवाला? तो आहे-नाही असा धुरकट, बिचाऱ्याचे हात चालू होते ना. चर्चगेटला ब्रश आपटणारे पॉलिशवाले दिसले की मला दरवेळी हा फोटो आठवतो.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढं टायपायला बसलेय.

मी बाईमाणूस. लालबागला राहते, दिवसा अकाउंट्सची नोकरी करते आणि गेली अकरा वर्षं शुक्रवार-शनिवार रात्री कॅमेरा घेऊन बाहेर पडते, कॅमेरा बोराबाजारातून सेकंडहँड घेतलेला, बॅग भाजीची. आईला अजून वाटतं की लग्न झालं की हे खूळ जाईल, लग्न होऊन सहा वर्षं झाली. तर मला सगळे विचारतात, रात्री एकटी फिरतेस, भीती नाही वाटत? वाटते ना. पण कुठे वाटते माहितीये? जिथे खरंच कुणी नसतं तिथे. बंद ऑफिसांची गल्ली, स्कायवॉक, स्टेशनबाहेरचा तो एक कोपरा. जिथे चहावाला आहे, टॅक्सीवाले आहेत, गजरे ओवत बसलेली मावशी आहे तिथे मी दोन दोन तास उभी राहते.

त्या सीएसएमटीच्या रात्री दोन बाइकवाले माझ्याभोवती घिरट्या घालायला लागले होते. तिसऱ्या फेरीला चाचाने सायकल आणून माझ्या बाजूला लावली, काही विचारलं नाही, फक्त म्हणाला "आप निकालो फोटो मॅडम, मैं इधरीच है." आणि मग तिथल्या तिथे, फ्रेमच्या डाव्या बाजूला, फेऱ्या मारत बसला. तो होता म्हणून तो फोटो झाला आणि तीस सेकंद तो हलत होता म्हणून तो फोटोत नाही. आता त्या फोटोखाली लोक "निर्मनुष्य मुंबई" लिहितात तेव्हा मला कसं वाटत असेल सांगा.

मी काही साळसूद नाहीये हां. असे फोटो मी शेकड्याने काढलेत. पुलावरून हायवेच्या रेघा, वांद्र्याहून सी-लिंक, मरिन ड्राइव्हचा नेकलेस. लाइक्स तिथेच मिळतात. मरिन ड्राइव्हवरून आठवलं, २०१५ मध्ये तिथे पांढरे एलईडी लावले तेव्हा केवढी बोंबाबोंब झाली, शेवटी पिवळसर दिवे परत आले. बाकी शहराच्या गल्ल्यांतला जुन्या सोडियम दिव्यांचा तो नारिंगी उजेड गेला तेव्हा कोण रडलं? मला विचाराल तर एलईडीत माणसांच्या चेहऱ्याचा रंग खरा दिसतो, सोडियममध्ये सगळे कावीळ झाल्यासारखे. पण जुन्या फोटोंचा मूड परत येत नाही हेही खरं. आणि स्वस्त एलईडी लुकलुकतात ते वेगळंच, वीज पन्नास हर्ट्झची म्हणजे दिवा सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो, शटर फास्ट ठेवलं की फोटोत पट्टे येतात. शटर एक-पन्नासांश किंवा एक-शंभरांश सेकंदावर ठेवा, फोन असला तरी प्रो मोडमध्ये करता येतं. (इनबॉक्समध्ये हा प्रश्न दर आठवड्याला येतो म्हणून इथेच सांगून टाकलं.)

मुंबईबाहेर पण तीच गंमत. भंडारदऱ्याचे काजवे घ्या. मेअखेर ते जूनची सुरुवात, झाडं लखलखलेली, सगळ्यांनी ते फोटो बघितलेत. त्यातले बहुतेक फोटो म्हणजे तीस-तीस सेकंदाच्या शंभरेक फ्रेम एकावर एक चढवलेल्या, म्हणजे पन्नास मिनिटांतले काजवे तुम्ही एका क्षणात बघता. मग लोक पुण्या-मुंबईहून गाड्या काढून येतात, एवढे काजवे दिसत नाहीत म्हणून चिडतात आणि हेडलाइट लावून शोधतात, हेडलाइट! काजवा आपल्या उजेडाने जोडीदाराला खुणावतो, तिथे तुम्ही झोत मारलात तर त्याने करायचं काय? मी स्वतः असे दोन फोटो टाकलेत, खाली किती फ्रेमचा ते लिहिलं नव्हतं, चूक माझी.

एकदाच मला लाँग एक्सपोजर लावताना काही खटकलं नाही. लडाखला हानलेला, तिथे २०२२ मध्ये डार्क स्काय रिझर्व्ह (म्हणजे रात्रीचा अंधार जपायला राखलेला भाग) झालंय, साडेचार हजार मीटरवर वेधशाळा आहे. आकाशगंगा कॅमेऱ्याशिवाय नुसत्या डोळ्यांनी दिसते. थंडीने बॅटरी पटकन मान टाकते म्हणून मी ती मोज्यात ठेवली होती, तर असो. तिथे आमच्या ग्रुपशिवाय खरोखर कुणी नव्हतं आणि अर्ध्या तासात मला कंटाळा आला. सगळे आकाशाकडे बघून आ वासतायत आणि मी चहावाला शोधतेय.

तर गेली तीन-चार वर्षं मी मुंबईत ट्रायपॉड नेतच नाही. त्याला एक फालतू कारण पण आहे, ट्रायपॉड उघडला की कुठूनतरी वॉचमन उगवतो, "परमिशन आहे का?" तोच फोटो मोबाइलवर काढा, कुणी ढुंकून बघत नाही. तीन पाय दिसले की तुम्ही प्रोफेशनल. पण खरं कारण चाचा. आता हातात कॅमेरा, आयएसओ सहा हजार चारशे, शटर एक-आठांश सेकंद, खांबाला टेकायचं, श्वास सोडायचा आणि दाबायचं. दहातले आठ फुकट जातात. फोटोवर दाणे येतात, माणसं थोडी हलतात, हातगाडीला शेपूट फुटतं, पण ती असतात.

आणि एक, हे मी आधीही बोललेय आणि लोकांना राग आलेला. तीस सेकंदात एकच माणूस स्पष्ट येतो, झोपलेला. फुटपाथवर झोपलेल्या माणसांचे फोटो स्पर्धांना धडाधड पाठवले जातात, वर "स्वप्ननगरी" असलं काहीतरी नाव. तुमच्या बेडरूममध्ये रात्री दोनला कुणी कॅमेरा घेऊन शिरलं तर? फोटोग्राफर सुधारक ओलवेंनी मुंबई पालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढलेत ते बघा एकदा, कामात असलेली माणसं, गटारात उतरलेली, घरात बसलेली, वर्षानुवर्षं त्यांच्यात जाऊन काढलेले. त्यांना २०१६ ला पद्मश्री मिळाली. पळता पळता झोपलेल्याचा फोटो मारणं आणि ते, यात काही तुलनाच नाही.

सध्या दादरचं फुलमार्केट चालू आहे माझं. पहाटे तीन-साडेतीनला टेम्पो लागायला लागतात, झेंडूच्या गोणी उतरतात, तुळशीपाइप रोडवर पाय ठेवायला जागा नसते. तिथल्या एका हमालदादाला मी गंमत म्हणून फोनमधला माझा एक जुना तीस सेकंदवाला फोटो दाखवला, त्याच जागेचा. त्याने झूम करून बघितला, म्हणाला "ताई, बंदच्या दिवशी आलावता काय?" मग त्याचा डोक्यावर गोणी घेतलेला फोटो काढला, एक-आठांशवाला. तोंड हललेलं, गोणी हललेली, मागचा दिवा तेवढा नीट. मला वाटलं नाक मुरडेल. त्याने स्टेटसला ठेवला. दुसऱ्या शनिवारी गेले तर चार जण उभे, आमचा पण तसला पळता काढा म्हणून.

चाचा मात्र सीएसएमटीला दिसत नाही आता. दोन-तीनदा फेरी मारली, टॅक्सीवाल्यांना विचारलं, कुणी म्हणतं गावाला गेला, कुणी म्हणतं भायखळ्याला असतो. त्याचा एकही फोटो नाहीये माझ्याकडे. कुणाला रात्री भायखळ्याच्या बाजूला हिरवी सायकल, मागे पितळी टाकी, हँडलला लाल फडकं बांधलेला चहावाला दिसला तर मला नक्की कळवा, आणि चहा घ्या त्याच्याकडे, आलं जरा जास्त घालतो.