‘तळ्यातले किडे मारा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की गोव्यातल्या गावागावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, वळण तेच. तळ्याच्या पाण्यात किडे दिसले की पाणी खराब समजावे. गाळातल्या लाल अळ्या म्हणजे कुजण्याची खूण, म्हणून गाळ मुळापासून उपसावा. शिंपले नि गोगलगायी रोग पसरवतात, त्या वेचून टाकाव्यात. किड्यांच्या अंगात जंतू असतात आणि जंतू म्हणजे रोग. तेव्हा तळ्यात ब्लीचिंग पावडर टाका, वर डासखाऊ मासे सोडा, घाण आणि डास दोन्ही जातील. खाली जोडलेले हात आणि ‘गावच्या हितासाठी पुढे पाठवा’.

पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. डेंग्यूने ज्याच्या घरी कोणी आठवडाभर खाटेला खिळले असेल, तो हे पुढे पाठवणारच. पण यातला एकेक सल्ला जसाच्या तसा पाळला, तर तळे शेवाळाने हिरवे होईल आणि डास वाढतील.

पहिला दावा: किडे दिसले की पाणी खराब. कुठले किडे, हे विचारायला नको? सत्तरी-सांग्याच्या डोंगरांतून उतरणाऱ्या एखाद्या व्हाळातला दगड उलटा करून पाहा. त्याला चिकटलेली, शेपटीला दोन-तीन लांब केस असलेली चपटी अळी मेफ्लायची. शेजारी वाळूचे कण रेशमाने जोडून केलेली बोटाच्या पेराहून छोटी नळी दिसेल, तिच्यात कॅडिसफ्लायची अळी राहते. पाण्यातला प्राणवायू कमी झाला, सांडपाणी मिसळले, की सगळ्यांत आधी याच जाती नाहीशा होतात. म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नदीची तब्येत जोखण्यासाठी अशा बिनकण्याच्या प्राण्यांवरून गुण द्यायची पद्धत स्वीकारली आहे. हे किडे सापडले तर पाण्याला गुण मिळतात, कापले जात नाहीत.

हे पाणी तसेच प्यावे, असा मात्र याचा अर्थ नाही. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या जुन्या लोकांना नारू आठवत असेल. सायक्लॉप्स नावाच्या इवल्याशा पाणकिड्यातून तो पोटात जायचा. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्या मोहिमेत पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या, काही ठिकाणी औषधही टाकले, पण घरोघरचे मोठे हत्यार होते ते पाणी गाळायचे फडके. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात जुन्या साडीच्या चार-आठ घड्यांतून पाणी गाळल्यावर कॉलरा जवळपास निम्म्यावर आला, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. कॉलऱ्याचे जंतू असल्या पाणकिड्यांच्या कवचाला चिकटून असतात, किडा फडक्यावर अडला की तेही बरेचसे अडतात. पिण्याच्या बांयचे, म्हणजे विहिरीचे, पाणी गाळा, उकळा, क्लोरिन घाला. तळे ही वेगळी गोष्ट आहे.

आता गाळ. फॉरवर्डमधला सगळ्यांत घातक मुद्दा मला हा वाटतो, कारण त्यावर सरकारी पैसाही खर्च होतो.

त्या लाल अळ्या चिरोनोमिड नावाच्या माशीच्या. माशी डासासारखी दिसते, पावसात दिव्याभोवती थवे करते, पण चावत नाही. अळीचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, तुमच्या-आमच्या रक्तात असते त्याच घराण्यातला. तळाच्या चिखलात प्राणवायू जेमतेम असतो, तिथे तो धरून ठेवायला हे रसायन कामी येते. अळी चिखलात इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे बीळ करते आणि आत अंग हेलकावत राहते, त्यामुळे वरचे ताजे पाणी बिळात खेचले जाते. काळ्या गाळाचे ढेकूळ अलगद मोडून भिंगाखाली धरले तर या बिळांच्या कडा तपकिरी दिसतात. तेवढ्याच पट्ट्यात प्राणवायू पोचलेला असतो.

त्या तपकिरी कडेवर जिवाणूंची वस्ती बसते. शेणखत, युरिया, सांडपाणी यांतून आलेल्या अमोनियाचे ते नायट्रेट करतात. तिथून काही मिलिमीटर आत, जिथे प्राणवायू संपतो, दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा साधा नायट्रोजन करून हवेत सोडतात. म्हणजे तळ्याला हिरवे करणारे खत या बिळांच्या वाटेने तळ्याबाहेर जाते. कडेला आणखी एक गोष्ट घडते. आपल्याकडच्या मातीत लोह भरपूर. प्राणवायू मिळाला की त्या लोहावर गंज चढतो आणि तो फॉस्फरसला धरून ठेवतो. फॉस्फरस चिखलात अडकला की शेवाळ उपाशी राहते. गाळातून वर येणारा मिथेन खाणारे जिवाणूही याच बिळांत वाढतात, अळ्या ते खातात, अळ्यांना मासे खातात. काही सरोवरांत अळीच्या अंगातला बराच कार्बन मिथेनमधून आलेला आढळला आहे. तळ्यातल्या माशाच्या कढीत त्याचा अंश असूही शकतो.

एक उलटी बाजू सांगायलाच हवी. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात या अळ्या नायट्रस ऑक्साइड सोडतात. तो हरितगृह वायू आहे. अळीने गिळलेले जिवाणू तिच्या आतड्यात प्राणवायूविना काम करतात, त्यातून तो तयार होतो. पण नायट्रेट अळीने आणलेले नसते, ते शेतातून आणि गटारातून आलेले असते.

गाळ काढूच नये, असे मी म्हणत नाही. आपली तळी माणसांनी राखलेली आहेत, कोमुनिदादींनी, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थांनी, ती शेतीसाठी बांधली. कुडचड्याच्या नंदा तळ्याला २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले, गोव्यातले असे ते पहिलेच. त्याच्या साठवलेल्या पाण्यावर खालच्या अंगाला भात पिकते. वायंगणाला, म्हणजे उन्हाळी भाताला, पाणी सोडायचे, उन्हात तळ उघडा पडायचा, पुन्हा पावसात भरायचे, या चक्राला हे जीव सरावलेले आहेत. डॅफ्नियासारख्या पाणपिसवांची टणक अंडी गाळात वर्षानुवर्षे, कधी दशकांपर्यंत टिकतात. गोगलगायी तोंड मिटून चिखलात निजतात. हे सगळे वरच्या थरात असते, आणि जेसीबी नेमका तोच थर खरवडून चिऱ्यापर्यंत जातो. एका वर्षी अर्धा तळ, पुढल्या वर्षी उरलेला, असे केले तर पाणीही साठते आणि बियाणेही उरते. ठेकेदाराला दोन फेऱ्या परवडत नाहीत म्हणे. ती अडचण ठेकेदाराची.

शिंपल्यांबद्दल तर फॉरवर्ड चक्क उलटे बोलतो. भारतभर आढळणारा लॅमेलिडेन्स जातीचा गोड्या पाण्यातला शिंपला दिवसाला कित्येक लिटर पाणी कल्ल्यांतून गाळतो. त्यातले शेवाळ नि जिवाणू खातो, नको असलेले चिकट गोळे करून तळाला टाकतो, ते पुन्हा गाळातल्या जिवांच्या कामी येतात. गंमत त्याच्या पिल्लांची. ती काही दिवस ते आठवडे माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात, मगच तळाला उतरतात. म्हणून बांधाच्या दारात माशांची वाट कायमची बुजवली की शिंपले म्हातारे होत जातात, नवे येत नाहीत. वरून काही वर्षे काहीच कळत नाही.

बुडालेल्या लाकडावर, बांधाच्या दगडावर हिरवा खरबरीत थर दिसला तर तो शेवाळ समजून खरवडू नका, स्पंज असू शकतो. हो, गोड्या पाण्यातही स्पंज असतात. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन ॲनंडेल यांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडच्या कितीतरी जातींचे वर्णन करून ठेवले आहे. हिरवा रंग त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. शैवाल साखर देते, स्पंज त्याला आसरा आणि कार्बन डायऑक्साइड देतो. सावलीत वाढलेला तोच स्पंज फिकट राहतो. तोही दिवसभर पाणी गाळून जिवाणू खातो. उन्हाळ्यात पाणी आटले की मरतो, पण मागे राईहून बारीक दाणे ठेवतो, पाऊस पडला की ते रुजतात.

गोगलगायींचा मुद्दा पुरता खोटा नाही. गुरांच्या यकृतात होणारा पानासारखा चपटा कृमी (लिव्हर फ्लूक) लिम्निया गोगलगायीतूनच येतो. शेजारच्या महाराष्ट्रातल्या रत्नागिरी जिल्ह्यात गिमवी गावी १९५०च्या सुमारास माणसांत शिस्टोसोमा या रक्तातल्या कृमीचा प्रादुर्भाव सापडला होता, तोही पाणगोगलगायीशी जोडला गेला; पुढे तो संपला. पण त्यावरून सगळ्या गोगलगायी वेचायच्या? लिम्नियाच्या कवचाच्या कडेशी, मऊ अंगाला लागून, दोन-तीन मिलिमीटरचे पारदर्शक किडे वळवळताना कधीकधी साध्या भिंगातूनही दिसतात. ते किटोगॅस्टर. गोगलगायीत शिरू पाहणाऱ्या आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्या कृमींच्या अळ्या ते गिळतात. गोगलगाय वेचली की तिच्या अंगावरचा हा राखणदारही जातो, आणि रिकाम्या जागेत बाहेरून येणाऱ्या गोगलगायीबरोबर तो येईलच असे नाही. गुरांना वेळेवर जंताचे औषध द्या, तळ्याच्या एका ठरलेल्या घाटावरच पाणी पाजा. पावसाळ्यात कोंगे (गोगलगायी) खाणाऱ्यांना तर सांगायला नको, नीट शिजवलेत की झाले.

‘किड्यांच्या अंगात जंतू म्हणजे रोग’ हे वाक्य वाचून मला हसू येते. हायड्रा नावाचा सूत्रासारखा प्राणी तळ्यातल्या पानाखाली लोंबकळत असतो. प्रयोगशाळेत त्याच्या अंगावरचे जिवाणू काढून टाकले की बुरशी त्याचा फडशा पाडते. जिवाणू परत दिले की तो तगतो. डॅफ्नियाच्या आतड्यातल्या जिवाणूंवर ठरते की विषारी नीलहरित शैवाल तिला कितपत सोसेल. २०१७ मध्ये हे प्रयोगाने दाखवले गेले. ज्या तळ्यावर मे महिन्यात हिरव्या रंगासारखा तवंग येतो, तिथल्या लोकांना या प्रयोगाचे महत्त्व समजेल. आणि डासांचेच बोलायचे तर वोल्बाकिया हा जिवाणू १९२४ साली क्युलेक्स डासात सापडला. डेंग्यूच्या एडिस इजिप्ती डासात तो मुळात नसतो. इंडोनेशियात योग्यकार्ता शहरात तो घातलेले डास सोडले, तेव्हा डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी घटले.

राहिली ब्लीचिंग पावडर आणि मासे. तळ्यात टाकलेला क्लोरिन आधी गाळ, पाने आणि अमोनियावर खर्ची पडतो. उरतो त्याने मासे आणि पाणपिसवा मरतात, मेलेले कुजतात, खत सुटते, शेवाळ फुलते. डासाची अळी आठ-दहा दिवसांत डास होऊन उडते. तिला खाणारी चतुराची अळी मोठी व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने घेते. पाणढेकूण नि पाणभुंग्यांनाही परत जम बसवायला वेळ लागतो. म्हणजे औषध उतरल्यावर मोकळ्या पाण्यात पहिला येतो तो डासच.

गंबुसिया मासा भारतात १९२८ साली आणला गेला. तो डासांच्या अळ्या खातो, तसाच बेडकांची पिल्ले नि पाणपिसवाही खातो. १९७२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या प्रयोगात गंबुसिया सोडलेल्या तळ्यांतल्या शेवाळ खाणाऱ्या पाणपिसवा जवळपास संपल्या आणि पाणी शेवाळाने गढूळ झाले. आपल्याकडे अप्लोकायलस ब्लॉकी हा बोटाच्या पेराएवढा देशी मासा आहे. १९९०च्या दशकात गोव्यातच मलेरिया संशोधकांनी तो आणि बीटीआय हा अळ्या मारणारा जिवाणू, दोन्ही ॲनॉफिलीस स्टीफेन्सी या मलेरियाच्या डासाच्या विरोधात वापरून पाहिले. हा डास तळ्यात नव्हे, बांधकामाच्या टाक्यांत, स्लॅबवर साठवलेल्या पाण्यात वाढतो. डेंग्यूचा एडिस तर करवंटीत, टायरात, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये. बीटीआय घालायचे ते तिथे. तळ्यात पोत्याने ओतले तर जास्त मात्रेला त्या लाल अळ्याही मरतात.