कॅनोपी चिकटवण्याचा मनस्ताप
विमानाचे मॉडेल जोडताना बाकी सगळे निमूटपणे जुळते. घोडे अडते ते कॉकपिटवरची पारदर्शक कॅनोपी चिकटवताना. सुपरग्लू लावावा, तर त्यातील सायनोअ‍ॅक्रिलेटची वाफ हवेतल्या ओलाव्यामुळे घट्ट होऊन प्लॅस्टिकवर पांढुरका थर धरते आणि ज्या इवल्याशा डायल आपण डोळे फोडून रंगवलेल्या असतात, त्या कायमच्या धुक्याआड जातात. मॉडेलच्या प्लॅस्टिकसाठीचे, म्हणजे पॉलिस्टायरीनसाठीचे, नेहमीचे ‘सिमेंट’ नावाचे चिकटद्रव्य वापरावे, तर ते प्लॅस्टिकच विरघळवते; एखादा थेंब काचेवर ओघळला की तो डाग जन्माचा. (काच कसली, तेही पॉलिस्टायरीनच, आणि वर इतके ठिसूळ की सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या काडीला जोडलेले येतात, तिच्यावरून कापतानाच तडकायचे.)

उरतो तो फेव्हिकॉलसारखा पांढरा पीव्हीए गोंद. तो वाळल्यावर पारदर्शक होतो, जास्तीचा ओल्या कापसाने पुसता येतो, कडेची बारीक फटही भरून काढतो. पण त्याची पकड येईपर्यंत कॅनोपी जी सरकते, ती नेमकी आपण टेप शोधायला वळल्यावरच. एवढे करून ती नीट बसली, तरी समाधान कुठले! स्थिर विजेने ओढून घेतलेला एक धागा आतल्या बाजूला, बरोबर वैमानिकाच्या नाकासमोर चिकटलेला असतो, आणि तो दिसतो गोंद पूर्ण वाळल्यानंतर. खोक्यावर झळाळते चित्र छापणाऱ्यांना कॅनोपी धडाशी तंतोतंत बसेल असा साचा करणे एवढे जड का जाते, हे कळत नाही.