इंजिनाची आंघोळ

नागपुरात माणूस आजारी पडला तर लोक फोन करून विचारतात. गाडीचं बोनेट उघडलं तर स्वतः येतात. येताना चहा पिऊन येतात, म्हणजे घाई नसते. दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, कंबरेतून वाकायचं, आत डोकवायचं आणि "हं" म्हणायचं. त्या "हं"चा अर्थ आजवर कोणाला लागलेला नाही, पण तो ऐकला की गाडीचा मालक उगाचच ओशाळतो.

म्हणून मे महिन्यातल्या एका रविवारी, गल्ली झोपेत असताना, सकाळी सहाचा मुहूर्त धरला. अर्थात मुहूर्त नुसता लपण्यासाठी नव्हता. इंजिन साफ करायचं तर ते रात्रभर निवलेलं हवं. तापलेल्या भागांवर गार पाणी पडलं तर तडा जायची भीती, आणि साफ करायचं द्रावण गरम धातूवर पडल्या पडल्या वाळून डाग धरतं. नागपूरच्या मेमध्ये इंजिन निवलेलं असण्याची वेळ एकच. नऊनंतर इथे बंद गाडीच्या बोनेटलाही हात लावून बघा!

"पण साफ करायचंच कशाला? आतून कोण पाहणार आहे?" हा बायकोचा प्रश्न होता, आणि तो चुकीचा नव्हता. पण आमच्या गाडीच्या पोटात जे साचलं होतं ते मी पाहिलं होतं. मागच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिक म्हणाला होता, "दादा, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून थोडं ऑइल पाझरून राहिलं वाटते. पाहू पुढच्या वेळी." टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं आवरण. पाझरलेल्या ऑइलवर नागपूरची धूळ बसते. आधी डांबरी रस्ता फोडून सिमेंटचा केला त्याची, मग पाइप टाकायला तो सिमेंटचा फोडला त्याची, आणि मग जो खड्डा बुजवायचा राहून गेला त्याची. ऑइल आणि धूळ मिळून जो काळा थर तयार होतो, तो नखाने खरवडला तर निघतो, पण मग नखातून निघत नाही.

दुसरं कारण कडुनिंब. इथे गाडी घेण्याआधी माणूस सावलीचं झाड बघतो. आमचं झाड उदार आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाला, एप्रिलमध्ये फुलं, पुढे निंबोळ्या, सगळं वायपरखालच्या जाळीत. त्या जाळीखालून पावसाचं पाणी बाहेर जायला वाट असते. पाला कुजून ती बुजली की जूनमध्ये पाऊस सरळ ड्रायव्हरच्या पायाशी येऊन बसतो. तेव्हा हे काम पावसाआधीचंच.

बायकोचा खरा आक्षेप मात्र पाण्याला होता. "कूलरला पाणी पुरत नाही आणि तुम्ही इंजिनला आंघोळ घालून राहिले?" मेमध्ये नागपुरात पाण्यावर पहिला हक्क कूलरचा, मग माणसांचा. मी तिला समजावलं की इंजिनावर पाइप सोडायचाच नसतो. पाण्याचा जोर लागला की ते वायरिंगच्या जोडांत आणि प्लगच्या खळग्यांत शिरतं, मग गाडी खोकत चालते. एक बादली आणि कुंड्यांना मारायचा फवारा पुरे. "एक बादली" हा शब्द तिने माझ्याकडून दोनदा वदवून घेतला आणि बादली स्वतः भरून दिली, काठापासून चार बोटं खाली.

पहिली पायरी, बॅटरीची काळी तार काढणे. काळीच आधी. लाल आधी काढायला गेलात आणि पाना चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला की ठिणगी उडते. यासाठी दहा नंबरचा पाना लागतो. पान्यांच्या पेटीत आठचा असतो, बाराचा असतो, कोणत्या काळात लागत होता देव जाणे असा बावीसचाही असतो. दहाचा नसतो. आमचा शेवटी देवघराच्या ड्रॉवरमध्ये, समईच्या वातींखाली सापडला. तिथे का, हे विचारायची सोय नव्हती. आई त्याच खोलीत जप करत होती.

दुसरी पायरी, पाण्याने बिघडेल ते झाकणे: बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, फ्यूजचा डबा, एअर फिल्टरचं तोंड, प्लगवरच्या कॉइल. झाकायला प्लास्टिकच्या पिशव्या हव्यात. आणि 2018 मध्ये राज्यात पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून आईने घरातल्या सगळ्या पिशव्या घड्या घालून गादीखाली ठेवलेल्या. एकेक पिशवी बाहेर काढताना तिचा चेहरा पाहवत नव्हता. "ही नको, ही इतवारीतल्या साडीवाल्याची आहे. ही घे. नाही, हिला बंद चांगले आहेत." अखेर ज्यांच्या तळाला भोक होतं तेवढ्या मला मिळाल्या. त्या दुहेरी करून, दोन भोकं एकमेकांवर येऊ न देता, सुतळीने बांधल्या. अल्टरनेटरवर अर्धं 'धन्यवाद, पुन्हा या' आलं.

आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "हं."

समोरचे काका. हातात दुधाची पिशवी. "बिघडली काय?"

"नाही काका, साफ करून राहिलो."

"काहून? विकाची आहे?"

"नाही."

काकांना हे पटलं नाही. न बिघडलेली, न विकायची गाडी माणूस पहाटे उठून आतून धुतो, म्हणजे घरात काहीतरी झालं असणार. त्यांनी आमच्या दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि मग सल्ला सुरू केला. "रॉकेल मारा. आमच्या वेळी रॉकेलच मारत. एका मिनिटात चकाचक." मी म्हटलं, रॉकेलने रबराचे पाइप फुगतात, शिवाय गरम इंजिनावर ते राहिलं तर पेट घेईल. "आमची तर कधी पेटली नाही," काका म्हणाले. काकांकडे तेव्हा सायकल होती, हे मला आईकडून माहीत आहे.

पाच मिनिटांत वरच्या मजल्यावरचा पोरगा बुलेटची किल्ली फिरवत खाली आला. त्याचं मत डिझेलचं होतं. सर्व्हिसिंगवाले डिझेलच मारतात, काय चमकते भाऊ! चमकते खरी, पण डिझेलचा तो ओशट थर पुन्हा धूळच ओढतो. दोन दिवस चमक आणि मग पहिल्यापेक्षा जास्त काळं. भाजीवाल्याने ठेला सावलीत लावला आणि तोही वाकला. त्याने मात्र एकच वाक्य काढलं, "भाऊ, आत उंदीर आहे." आणि तो बरोबर होता.

बॅटरीच्या मागे, हेडलाइट आणि पत्रा यांच्या फटीत उंदराने घर केलं होतं. घर म्हणजे हेळसांड नव्हती. खाली बोनेटच्या आतल्या गादीचा कुरतडून काढलेला कापूस, त्यावर कूलरचं गवत. मार्चमध्ये कूलरच्या ताट्या बदलल्या तेव्हा जुन्या ताट्या मागच्या अंगणात टाकून ठेवल्या होत्या. त्यातली एकेक काडी ओढत आणून, गोल फिरवून, मधे खोलगट जागा ठेवून त्याने बिछाना केला होता. कडेला कोठार: भुईमुगाची टरफलं, संत्र्याचं वाळून तपकिरी झालेलं साल, पोळीचा कडक तुकडा, मोबाइलच्या चार्जरची पांढरी वायर दोन वीत. ती वायर आमच्याकडे दिवाळीपासून शोधत होते आणि मोलकरणीवर अकारण संशय होता. घराचा मालक हजर नव्हता. मी मास्क लावला, हातमोजे घातले आणि सगळ्यावर आधी फवारा मारला. उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडल्या तर ती धूळ नाकात जाते आणि त्यातून आजार होतात.

गवत उचललं तर खालून एक हाड निघालं.

कोंबडीच्या तंगडीचं, साफ चाखलेलं. टोकाला अजून सावजी रश्श्याचा लालसर काळपट रंग होता. सभा शांत झाली. आमच्या गल्लीत सगळे शाकाहारी. निदान दिवसाउजेडी. आमच्या घरात खात नाहीत. वरच्या मजल्यावर पोराची मुंज झाल्यापासून बंद आहे असं त्याच्या आईने माझ्या आईला सांगितलेलं. काका तर माळकरी. बुलेटवाला पोरगा हाडाकडे पाहत म्हणाला, "उंदीर किती लांबून आणत असेल बे?" भाजीवाला म्हणाला, "उंदीर काही लांब जात नाही भाऊ. दोन-चार घरं, बस." आता सगळ्यांनी मनातल्या मनात दोन-चार घरं मोजली. काकांना एकाएकी आठवलं की ऊन चढतंय आणि दूध फाटेल. ते गेले. पोरगा मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं पाहू लागला. मी हाड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं, आणि बायको खिडकीतून माझ्याकडेच बघत होती हे तेव्हा लक्षात आलं.

"मी नाही," मी म्हटलं.

"मी कुठे काय म्हटलं?" ती म्हणाली, आणि खिडकी लावली.

मग मुख्य काम तसं पटकन उरकलं. पाण्यात मिसळणारं डिग्रीझर, म्हणजे ओशटपणा काढणारं द्रावण, फवारायचं, पाचेक मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचं नाही, बेल्टवर उडू द्यायचं नाही. दिवाळीतल्या रंगाच्या ब्रशने मोठा भाग, टूथब्रशने बोळकांडं. काळं पाणी ओघळू लागलं की एक विचित्र समाधान मिळतं. टॅपेट कव्हर राखाडी आहे हे मला इतक्या वर्षांनी कळलं. मी त्याला काळंच समजत होतो. झाकणावर 'इंजिन ऑइल' असं लिहिलेलं निघालं. शेजारी अंक निघाले. वाचत वाचत धुतलं.

रेडिएटरच्या जाळीजवळ टूथब्रश नेत होतो तर आईचा जप संपला. तिने बाहेर येऊन सगळ्यावर नजर टाकली आणि बॅटरीच्या खांबावर जमलेला पांढरा-हिरवा खार पाहिला. "याला खायचा सोडा लाव." गल्लीतल्या सगळ्या सल्ल्यांत एवढा एकच शंभर टक्के बरोबर होता. तो खार आम्लाचा. सोड्याच्या पाण्याने तो मरतो. आईने वाटीत सोडा कालवून आणला, चमच्याने ओतला, आणि जो फेस उसळला, त्याला भाजीवाल्याने टाळी वाजवली. पुसून घेतलं, वर व्हॅसलिनचं बोट फिरवलं. आईने चमचा परत स्वयंपाकघरात नेला नाही, हे बायकोने तपासून घेतलं.

वाळवायला मात्र नागपूरसारखं गाव नाही. मुंबईच्या माणसाने इंजिन धुतलं तर दमट हवेत ते संध्याकाळपर्यंत चिकट राहील. इथे मी फडकं फिरवून पिशव्या सोडवेपर्यंत अर्धं काम लूने केलं होतं. कॉइलच्या भोवती तेवढं निरखून कोरडं केलं. काळी तार लावली. आणि सुरू करायची वेळ आली तेव्हा वर पाहिलं तर काका परत हजर, आता दूध न घेता. पेपरवाला थांबलेला. पोरग्याने मोबाइल आडवा धरून व्हिडिओ सुरू केला होता. गल्लीत धुतलेली गाडी सुरू न होण्याचे जेवढे किस्से होते, ते मला चावी लावेपर्यंत तिघांनी सांगून टाकले.

एका सेल्फमध्ये सुरू झाली.

धूर नाही, खोकला नाही, घरघर नाही. पहिल्या दोन मिनिटांत उरलेल्या ओलाव्याची थोडी वाफ निघाली, तेवढ्यावर लोकांची आशा टिकून होती, तीही गेली. इतकी निराश गर्दी मी फक्त लग्नात आइस्क्रीम संपल्यावर पाहिली आहे. पोरग्याने व्हिडिओ पुसून टाकला. भाजीवाल्याने, इतका वेळ घेतला म्हणून, मला दोडके विकले. आणि जाता जाता काकांनी शेवटचं शस्त्र काढलं: "आज सुरू झाली. पावसाळ्यात पाहा." बॅटरीची तार काढल्यामुळे आत डॅशबोर्डवर घड्याळ बारा वाजून शून्य दाखवत होतं आणि रेडिओ सगळी स्टेशनं विसरला होता, पण हे मी कोणाला सांगितलं नाही.

पुढे सर्व्हिसिंगला गाडी नेली. मेकॅनिकने बोनेट उचललं आणि तसाच उभा राहिला. मला वाटलं, बोलेल काहीतरी. त्याने टॅपेट कव्हरच्या कडेवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं, पुन्हा फिरवलं.

"दादा, हे काय करून ठेवलं?"

"साफ केलं. घरीच. पाण्याचा जोर न लावता."

"ते दिसून राहिलं. पण ऑइल कुठून येत होतं, त्याचा माग गेला न." त्याने बोनेट हळूच खाली घेतलं. "आता असं करा, आठ-दहा दिवस चालवा. जरा मळू द्या, मग आणा."