नानांचं एम-सील

मासे पाळणाऱ्याला माशांचा त्रास नसतो, पाइपांचा असतो. आमच्या तीन फुटी काचेच्या टाकीला तळाशी भोक आहे. त्यातून पाणी खालच्या कपाटातल्या फिल्टरच्या टाकीत उतरतं आणि मोटर ते परत वर चढवते. भोकात बसवलाय प्लास्टिकचा टँक निपल, म्हणजे आत कॉलर आणि बाहेर नट असलेला आट्यांचा नळीचा तुकडा. त्याच्या वर जवळजवळ दोनशे लिटर, म्हणजे दोनशे किलो पाणी, आणि खाली सौभाग्यवतींचा गालिचा.

गालिचा ओला झाला. इंदूरला नर्मदा जलूदहून सत्तर किलोमीटर पंपानं चढून येते, आमच्याकडे तीही एक दिवसाआड. "आणि तुम्ही ती फरशीवर सोडता!" असं ऐकून घेणं आलं.

नाना, म्हणजे माझे काका, निवृत्त ओव्हरसियर. त्यांनी थेंब टपकत होता तो एल्बो, म्हणजे पाइपाचं वळण, धरला आणि फर्मावलं, "एम-सील लाव!" शेजारचे भियाजी सांध्यांत भरायचा सफेदा आणि सूत घेऊन हजर. एल्बो बिचारा निर्दोष होता. पाणी गळतं एकीकडे आणि पाइपावरून घरंगळत जाऊन टपकतं सगळ्यात खालच्या वळणावर. सगळे सांधे पुसून प्रत्येकाला टिश्यू पेपर गुंडाळला, तेव्हा पहिला भिजला तो अगदी वरचा, निपलचा.

मासे बादलीत काढून टाकी रिकामी केली. बसवणाऱ्या कारागिरानं रबरी वायसर नटाच्या बाजूला, म्हणजे बाहेरून घातला होता. तो आत, पाण्याकडच्या कॉलरखाली हवा. नाहीतर पाणी आट्यांतून गोल गोल फिरत खुशाल खाली येतं. त्यावर टेफलॉनच्या फितीचे कितीही वेढे द्या, पाणी रोखायचं काम वायसरचंच.

सियागंज बाजारात दुकानदार म्हणाला, "भिया, मच्छी को क्या पता कौन सा वायसर है!" वर बाथरूमचं सिलिकॉन पुढे केलं, "ये लो, फंगस भी नहीं लगेगी।" बुरशी मारणारं ते औषध माशांनाही सोडत नाही, हे त्याला सांगितलं, तर त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. शेवटी एका काचवाल्याकडे साधं सिलिकॉन मिळालं, तेही टाकीच्या उखडू लागलेल्या एका कोपऱ्यासाठी. ते वाळेपर्यंत घरभर सिरक्याचा असा वास, की आत्या लोणच्याची बरणी घेऊन आल्या.

वायसर आतून घातला. नट हातानं आवळून वर फक्त पाव फेरा द्यायचा. नाना मोठा पाना घेऊन टपले होते. "अजून जरा दाब!" पान्याच्या जोरापुढे प्लास्टिक तडकतं, कधी काचही. मी पाना काढून घेतला. नाना संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. घरात फार शांतता लाभली.

पाणी भरलं, क्लोरीन मारायचे थेंब टाकले, रात्रभर टिश्यू कोरडा राहिला आणि मासे परत टाकीत गेले. सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर नाना भियाजींना सांगत होते, "एम-सील लावलं आणि थांबलं की नाही?"

एम-सीलचं पाकीट ड्रॉवरमध्ये आहे. अजून फोडलेलंही नाही.