टाकाऊतून टिकाऊ करायचं असेल तर आधी दुकानात जाणं थांबवा

शेजारच्या चौथीतल्या पोराला शाळेने दिलेली यादी आज वाचली आणि डोकंच फिरलं. विषय : नाताळची सजावट, टाकाऊतून टिकाऊ. साहित्य : ग्लिटरचे फोम शीट, आइस्क्रीमच्या काड्यांचं नवं पाकीट, थर्माकोलचे गोळे, ग्लू गन. यातलं टाकाऊ काय आहे, मला कुणी सांगेल का? त्याची आई कामावरून सुटून थेट स्टेशनरीच्या दुकानात रांगेत. म्हणजे नवा कचरा विकत आणायचा, पोराने त्याला आकार द्यायचा आणि जानेवारीत तो फेकायचा.

सजावटीच्या थर्माकोलवर 1 जुलै 2022पासून देशभर बंदी आहे, महाराष्ट्रात तर 2018पासूनच. ग्लिटर म्हणजे प्लॅस्टिकचा भुगा. युरोपीय संघाने ऑक्टोबर 2023मध्ये सुट्या प्लॅस्टिक ग्लिटरची विक्री थांबवली, आणि आपण तो चौथीतल्या पोराच्या हातात देतोय!

घरात बघा ना. माळ्यावर लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतोच. गणपतीचं चित्र असतं म्हणून कुणी फेकत नाही. ते चित्र नीट कापून बाजूला ठेवा, उरलेल्या दोन पत्रिकांत झाडावर टांगायचा एक सुंदर गोळा होतो. 5 सेंटिमीटर व्यासाचे 20 गोल कापायचे. कंपास अडीच सेंटिमीटर उघडून एका गोलाच्या कडेवर सहा खुणा करा, एकाआड एक तीन खुणा जोडा, झाला समभुज त्रिकोण. हा एकच त्रिकोण जाड पुठ्ठ्यातून कापून घ्या आणि त्याच्यावरूनच सगळे 20 आखा. दर वेळी नव्याने मोजलंत तर एकेक मिलिमीटर हलत जातो आणि शेवटचं झाकण बसत नाही. रेघांवरून शाई संपलेलं बॉलपेन दाबून फिरवलं की घडी सरळ पडते. नाहीतर जाड पत्रिका घडीवर फुटते. मग प्रत्येक गोलाच्या तिन्ही कडा बाहेरच्या बाजूला उभ्या करून कडेला कड चिकटवायची : पाच गोलांची वरची टोपी, पाच खालची, आणि उरलेले दहा उलटसुलट जोडून मधला पट्टा. टांगायचा दोरा वरच्या टोपीतून आधीच ओवून आत जाड गाठ मारा. नंतर सुई आत घालायला जागा उरत नाही.

चिकटवायला साधं फेविकॉल. मात्र लॅमिनेशन केलेल्या पत्रिकेवर ते धरत नाही, कारण ओल शोषायला कागदच उघडा नसतो. कडा पॉलिश पेपरने घासा किंवा सरळ बिनचकाकीची पत्रिका निवडा. वाळेपर्यंत कपड्यांचे चिमटे लावून ठेवा.

आता यादीतली ती ग्लू गन. तिचा गोंद उष्णतेने वितळवून लावतात, म्हणजे उष्णतेनेच तो पुन्हा मऊ होणार. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिना काढला की जोड सुटतात. मुलांची बोटं भाजतात ते वेगळंच. मान्य, तिने काम पटकन होतं. आणि खरं सांगायचं तर बाईंवरही मला फार रागवता येत नाही. वर्गात एवढी पोरं, वरून प्रदर्शनाची तारीख ठरलेली, त्यांना कुणी उसंत देतं का? पण मग वस्तू तरी कमी मागा.

आमच्या वसईच्या बाजूला नाताळ म्हटला की तारा हवाच. त्यासाठीही काही आणावं लागत नाही, जुना खराटा पुरतो. हिराचा जाड बुंध्याकडचा भाग घ्यायचा, शेंड्याचा नको, तो वाकतो. 15 सेंटिमीटरचे 10 तुकडे रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, कोरडा हीर गाठ आवळताना चिरतो. प्रत्येकावर दोन्ही टोकांपासून 5.7 सेंटिमीटरवर खूण करा. पाच हीर खालीवर विणून पाच टोकांचा तारा बांधायचा. हीर या खुणांवरच एकमेकांना छेदले पाहिजेत, नाहीतर तारा लंगडा होतो. असे दोन तारे टोकांना टोकं बांधून जोडा आणि आतल्या पाच छेदांवर 3-3 सेंटिमीटरचे तुकडे आडवे अडकवा. तारा फुगतो. त्यावर पतंगाचा कागद.

कागदाला खळच लावा. 2 चमचे मैदा 1 कप गार पाण्यात गुठळी न राहता कालवून मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. गरम पाण्यात मैदा टाकलात तर गुठळ्या होणारच. किडीसाठी पूर्वी खळीत मोरचूद घालत, पण ते विष आहे, मुलं असतील तर नकोच. खळ पातळ लावा. ओला कागद सैल पडतो, वाळताना आपोआप ताणला जातो. जास्त ओला झाला तर ओढतानाच फाटतो. आत दिवा लावायचा तर एलईडीच.

आणि चमक हवी ना? चिप्सच्या पुड्याची आतली बाजू चांदीसारखी असते. साबणाने धुवा. 6 सेंटिमीटरच्या पट्टीला बारीक काप द्या, वरचा दीड सेंटिमीटर सोडून, आणि दोरीभोवती गुंडाळा, झाल्या झिरमिळ्या. यावर फेविकॉल टिकत नाही, दोऱ्याने बांधा. जुन्या बांगड्याही घ्या : दोन-आठ मापाच्या बांगडीत दोन-चार मापाची आडवी बसते. आतल्या बांगडीला दोऱ्याचा एकच थर द्या, दोन दिलेत की ती आत जात नाही.

बंद पडलेला सीएफएल मात्र कधीही टांगू नका, आत पारा असतो. सीडी कात्रीने कापायला मुलांना देऊ नका, तिचे टोकदार कपचे उडतात. हे असलं काही त्या यादीत लिहिलेलं नव्हतं! ग्लिटरचे रंग तेवढे नीट लिहिले होते.

नाताळानंतर सगळं पत्र्याच्या डब्यात, कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यासकट. खळीला कसर लागते, म्हणून तारा वेगळ्या डब्यात. पावसाळा संपला की दोन्ही डबे एकदा उन्हात उघडून ठेवा.