खिमा आतून तपकिरी म्हणजे शिळा? खुलासा

अमेरिकेतल्या दुकानातून आणलेला बीफचा खिमा वरून लालभडक आणि आतून तपकिरी निघाला, म्हणजे दुकानदाराने शिळा माल आत दडवला, असा मेसेज फिरतो आहे. हा निष्कर्ष चुकीचा आहे.

रंग येतो मायोग्लोबिन या प्रथिनामुळे. ताजे कापलेले मांस मुळात जांभळट असते. हवा लागली की चेरीसारखे लाल होते. आत प्राणवायू अपुरा पोहोचतो, तिथे ते तपकिरी पडते. नुसत्या रंगावरून मांस नासले असे म्हणता येत नाही, असे अमेरिकेचे कृषी खातेही सांगते. आंबूस वास आणि चिकटपणा ही खरी लक्षणे.

पण गिऱ्हाईक डोळ्यांनी खरेदी करते. तिथले जवळजवळ 15 टक्के बीफ केवळ रंग उतरल्याने स्वस्तात विकावे लागते, असा 2000 सालचा अंदाज होता. म्हणून काही पाकिटांत 0.4 टक्के कार्बन मोनॉक्साइड भरतात. त्याने लाली टिकते, मांस खराब झाले तरी! युरोपीय संघात याला परवानगी नाही. मेसेज लिहिणाऱ्याने संशय घ्यायचाच, तर या लालीवर घ्यायला हवा होता.

शिजवतानाही रंगावर जाऊ नका; खिमा आतून 71 अंश सेल्सिअसला पोहोचला का, ते थर्मामीटरने बघा.