‘उसन्या इंधनाची सुरक्षा’ : शिरोळच्या वाचकास उत्तर

सप्रेम नमस्कार.

द्रवरूप नैसर्गिक वायू, म्हणजेच एलएनजी, आणि भारताची ऊर्जासुरक्षा या विषयावरील माझ्या लेखाला आपण शिरोळ तालुक्यातून पाठवलेली प्रदीर्घ प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा रागाने आणि दुसऱ्यांदा चष्मा पुसून. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो, की कोळशाकडून सौर आणि पवन ऊर्जेकडे जाताना मधल्या दोन-अडीच दशकांत भारताने एलएनजीचा आधार घ्यावा आणि त्यासाठी दीर्घ मुदतीचे करार करावेत, असे मी म्हटले होते. देशाच्या एकूण ऊर्जावापरात गॅसचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास आहे आणि तो २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर नेण्याचे केंद्र सरकारचे उद्दिष्ट वेळेवर गाठले जाणार नसले, तरी दिशा म्हणून मला ते मान्य आहे. त्यावर आपण म्हणता, की मी मिथेनच्या गळतीचा हिशेब सोयीस्करपणे वगळला, एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प विसरलो आणि दोन महापूर पाहूनही शहाणा झालो नाही. याखेरीज आपले एक वाक्य आहे, जे मी जसेच्या तसे देतो : “काका, ज्यांनी भट्टीसमोर कधी घाम गाळला नाही आणि एसी केबिनमध्ये बसून गॅस कंपन्यांची तळी उचलली, तेच उसन्या इंधनाला सुरक्षा म्हणू शकतात.”

आधी माझी चूक कबूल करतो. लेखात वायू द्रवरूप होण्याचे तापमान उणे २६२ अंश सेल्सियस असे छापले गेले. ते उणे १६२ हवे होते. उणे २६२ला मिथेन द्रव राहणार नाही, गोठून दगड होईल, हे आपण ज्या आनंदाने दाखवून दिले आहे त्या आनंदासकट मला ते मान्य आहे. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. त्या तापमानाला वायूचे आकारमान सुमारे सहाशेपट कमी होते आणि म्हणूनच तो जहाजाने आणता येतो, हा त्या परिच्छेदाचा मुद्दा होता आणि शंभर अंशांच्या चुकीने तो बदलत नाही.

आता ते वाक्य. ‘काका’ या संबोधनाला माझी हरकत नाही; कोल्हापुरात भाजीवाल्यापासून बसवाहकापर्यंत सगळे मला काका म्हणतात आणि माझे वयही तेवढे झाले आहे. परंतु काका म्हणून हाक मारायची आणि त्याच श्वासात त्या काकांना कुणाचा तरी भाट ठरवायचे, ही रीत मला आमच्या घरात कुणी शिकवली नव्हती. तळी उचलायची तर ताटात भंडारा आणि खोबरे लागते. माझ्या ताटात गॅस कंपन्यांकडून आजवर जे पडले ते म्हणजे एक वाढीव दराचे पत्र, आणि त्याविषयी पुढे लिहितोच.

घामाविषयी आपण लिहिले आहे, म्हणून नाइलाजाने स्वतःविषयी लिहितो. माझ्या वडिलांची उद्यमनगरात लहानशी फौंड्री होती आणि मी १९८६ साली, पदविका हातात पडल्याच्या आठवड्यात, तिथे उभा राहिलो. तेव्हा आमच्याकडे क्युपोला, म्हणजे कोकवर लोखंड वितळवणारी उभी भट्टी, होती आणि ती आठवड्यातून दोनदा लागत असे. पहाटे लाकडे पेटवायची, त्यावर हार्ड कोकचा थर चढवायचा, तो लाल झाला की पिग आयर्न, भंगार आणि चुनखडी यांची टोपलीटोपलीने भर घालायची, ब्लोअर सुरू करायचा आणि दुपारी तोंडावरचा मातीचा बोळा फोडून वितळलेल्या लोखंडाचा रस लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, घ्यायचा. भर घालणाऱ्या माणसाच्या भुवया वर्षभर अर्ध्याच असत. त्यांपैकी दोन वर्षे तो माणूस मी होतो, कारण नेहमीचा गडी सुगीला गावी गेला की परत कधी येईल हे त्याच्या बायकोलाही माहीत नसे.

एका दुपारी रस ऐन भरात असताना वीज गेली. ब्लोअर थांबला, आणि वारा बंद झाला की क्युपोलात काय होते हे ज्याने पाहिले आहे त्याला ते विसरता येत नाही. आधी आवाज जातो. मग हवेच्या भोकांतून दिसणारा पांढरा उजेड पिवळा होतो, पिवळ्याचा तांबडा होतो, आणि आत लोखंड, कोक आणि मळी यांचा एकच गोळा बसू लागतो. वडील अर्धा तास वाट पाहत उभे राहिले. मग त्यांनी तळाचे दार पाडायला सांगितले आणि दिवसभराचा माल वाळूत ओघळला. पुढचे तीन दिवस आम्ही छिन्नी आणि घण घेऊन तो गोळा फोडत होतो. ऊर्जासुरक्षा हा शब्द मला त्या वेळी ठाऊक नव्हता, पण त्याचा अर्थ मी तिथे शिकलो, आणि शिकताना एसी नव्हता. आज माझ्या केबिनमध्ये एसी आहे हे खरे आहे. तो संगणकासाठी बसवला होता.

आता त्याच वाक्याच्या उत्तरार्धाकडे येतो. आपल्या मते जे उसने ते सुरक्षित नाही. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याच्या आसपास नैसर्गिक वायू आयात करतो, हे मी लेखातच लिहिले आहे, त्यामुळे तो काही आपण लावलेला शोध नाही. पण मग उसने काय नाही, ते तरी सांगावे. कच्चे तेल ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. आपल्या घरच्या शेगडीतल्या एलपीजीपैकी साठ टक्क्यांच्या आसपास आयात असते. ज्या हार्ड कोकवर आमची क्युपोला चालली, तो झरियाकडच्या कोळशाचा असेल तर त्यात राख इतकी, की मोठे उद्योग परदेशी कोळशाचा कोक मागत, आणि आजही देशाला लागणाऱ्या कोकिंग कोळशाचा फार मोठा भाग बाहेरूनच येतो. आपण ज्या सौर पट्ट्यांचे गुणगान केले आहे त्यांची पुरवठासाखळी बव्हंशी चीनमधून सुरू होते. पट्टी एकदा बसली की सूर्य फुकट असतो आणि गॅसचे बिल दर महिन्याला येते, हा फरक मी मान्य करतो. परंतु तो फरक आपण मांडलेला नाही, मी मांडतो आहे.

इंधन कुठून येते यापेक्षा ते किती दारांनी येते आणि कोणत्या कराराने येते, हा सुरक्षेचा खरा प्रश्न आहे. पेट्रोनेट या एलएनजी आयात करणाऱ्या भारतीय कंपनीने कतारशी १९९९ मध्ये वर्षाला ७५ लाख टनांचा करार केला आणि २००४ पासून गुजरातमधील दहेजला जहाजे लागू लागली. त्याचा दर कच्च्या तेलाशी बांधलेला होता. तेल उतरल्यावर ते सूत्र महाग पडू लागले, तेव्हा २०१५ च्या अखेरीस फेरवाटाघाटी करून ते बदलून घेतले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेवढ्याच गॅसचा पुरवठा २०२८ नंतर आणखी वीस वर्षे, म्हणजे २०४८ पर्यंत, चालू ठेवण्याचा करार झाला. गेल या सरकारी गॅस कंपनीचे अमेरिकेतील दोन करार मिळून वर्षाला ५८ लाख टनांचे आहेत आणि ती जहाजे २०१८ पासून येत आहेत. याला उसनवारी म्हणत नाहीत. ज्या किराणा दुकानदाराकडे तीस वर्षे खाते आहे त्याच्याकडून महिन्याचा माल भरणे आणि पाहुणे दारात उभे असताना शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागायला जाणे, यांतील फरक आपल्या आईला विचारावा.

शेजाऱ्याकडे वाटी घेऊन जाणाऱ्यांचे काय झाले ते २०२२ ने दाखवले. आशियातील रोखीच्या, म्हणजे दीर्घ कराराशिवाय खरेदीच्या, बाजारात जो गॅस २०२० च्या उन्हाळ्यात दर दहा लाख ब्रिटिश औष्णिक एककांना दोन डॉलरच्या खाली गेला होता, तोच ऑगस्ट २०२२ मध्ये ५० डॉलरच्या वर होता, कारण रशियाचा पुरवठा आटल्यावर युरोपने मिळेल ते जहाज मिळेल त्या भावाने आपल्याकडे वळवले. पाकिस्तानच्या निविदेला त्या जुलैत एकही बोली आली नाही. बांगलादेशाने रोखीची खरेदीच थांबवली आणि भारनियमन स्वीकारले. हवामान परिषदांत इतरांना उपदेश करणाऱ्या जर्मनीने त्याच डिसेंबरात विल्हेल्म्सहाफेनला तरंगते एलएनजी टर्मिनल सुरू केले. आपल्यालाही झळ बसलीच. गॅझप्रॉम या रशियन कंपनीच्या पूर्वीच्या उपकंपनीकडून दीर्घ कराराने गेलला येणारी जहाजे त्या वर्षी थांबली होती, म्हणजे करार हा काही ताईत नव्हे, हे मी लपवत नाही. आमच्या कोअर (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे) भाजण्याच्या ओव्हनला आणि लॅडल तापवायला मी डिझेलऐवजी गॅस लावला होता. त्या काळात पुरवठादाराचे दोन ओळींचे पत्र आले आणि पुढच्या महिन्यापासून दर जवळजवळ दुप्पट झाला. मी आठ महिने पुन्हा डिझेल जाळले. ज्यांची तळी मी उचलतो त्यांनी मला दिलेला हा प्रसाद.

दाभोळविषयी आपण एक परिच्छेद लिहिला आहे. मला तीन वाक्ये पुरतील. एन्रॉनच्या काळात, म्हणजे १९९९ ते २००१ या दोन वर्षांत, तिथे जी वीज तयार झाली आणि जिने राज्य वीज मंडळाचे कंबरडे मोडले, ती नाफ्ता या खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनावरची होती, आणि एलएनजीचा एक थेंबही तोवर त्या किनाऱ्यावर उतरला नव्हता. टर्मिनल सुरू झाले ते २०१३ मध्ये, तेव्हा एन्रॉन दिवाळखोरीत जाऊन अकरा वर्षे झाली होती. डॉलरमधील दर, वीज घ्या न घ्या पैसे मोजा ही अट आणि घसरता रुपया हा जो आपला मुद्दा आहे, तो त्या एका कराराच्या मसुद्याचा दोष आहे.

खताचा मात्र आपण उल्लेखही केलेला नाही आणि घरी ऊस असल्याचे तर अभिमानाने सांगितले आहे. देशात वापरल्या जाणाऱ्या गॅसपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक गॅस खतकारखान्यांत जातो, कारण मिथेनमधून हायड्रोजन, हायड्रोजनपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया होतो. ४५ किलोचे जे पोते आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, त्याची खरी किंमत त्याच्या कितीतरी पट असते आणि मधला फरक सरकारी तिजोरी भरते. आपल्या सरीत पडणाऱ्या त्या पांढऱ्या दाण्यांचा एक भाग कतारहून जहाजाने आलेला असतो. तुम्ही तो गॅस बंद करा म्हणता. ठीक आहे, मग येत्या लागणीला पोते उचलायला सोसायटीत जाऊ नका. सौर विजेवर पाण्यापासून हायड्रोजन काढून अमोनिया करता येतो हे मलाही ठाऊक आहे, आणि तो स्वस्त होईल त्या दिवशी मी पहिला पेढा वाटीन.

मिथेनविषयी थोडक्यात. जळताना गॅस कोळशाच्या जवळपास निम्मा कार्बन डायऑक्साइड सोडतो, परंतु न जळता निसटलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटींहून अधिक तापवतो, हे आपले म्हणणे बरोबर आहे. अमेरिकेतील हॉवर्थ यांच्या २०२४ च्या अभ्यासाचा दाखला आपण दिला आहे. निर्यात होणाऱ्या अमेरिकी एलएनजीचा एकूण ताप त्यांनी वीस वर्षांच्या हिशेबात कोळशापेक्षा ३३ टक्के जास्त काढला आहे. तो अभ्यास अमेरिकी गॅसचा आहे, आपला मोठा पुरवठादार कतार आहे, आणि शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हे अंतर बरेच बदलते. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे आणि तो मी सवडीने लिहीन.

महापुराविषयी मला वाद घालायचा नाही. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे आणि २०१९ व २०२१ अशा दोन्ही वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, आमची पाळी चार दिवस लागली नाही आणि शाहूपुरीतल्या आमच्या घराच्या तळमजल्यावर जिथे पाणी आले ती रेघ मी अजून रंगवलेली नाही. शिरोळला त्याहून वाईट झाले हे मी जाणतो. पण पूर आपल्याला आला म्हणून आकडेवारीही आपलीच खरी, असे होत नाही.

जाता जाता एक सांगतो. आपण मला एक प्रश्न विचारला असता तर मी अडचणीत आलो असतो. कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथे जमिनीखाली साठे आहेत; गॅसचा असा राखीव साठा आपल्याकडे नाही, आणि एलएनजी टाकीत रोज थोडा उकळून उडत असल्यामुळे तो कोळशासारखा ढीग लावून ठेवता येत नाही. कतारचे प्रत्येक जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येते, जिथून जगातील एलएनजी व्यापाराचा सुमारे पाचवा हिस्सा जातो. ती वाट महिनाभर बंद झाली तर माझ्या दीर्घ कराराचा कागद घेऊन मी कुणाकडे जायचे? याचे उत्तर माझ्या लेखात नाही. आपल्या बाराशे शब्दांत हा प्रश्नही नाही, कारण त्यांतले बरेच शब्द माझ्या केबिनवर खर्च झाले.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणार नाही. शनिवारी दुपारी तीन वाजता आमच्याकडे ओतकाम असते. हल्ली क्युपोला नाही, इंडक्शन भट्टी आहे, पण रस तोच आणि धगही तीच. शिरोळहून गोकुळ शिरगावला यायला तास-सव्वा तास लागेल. पायात बूट असावेत आणि नायलॉनचा शर्ट घालून येऊ नये. चहा केबिनमध्ये घेऊ, एसी बंद ठेवीन.